पोटभाडेकरूचं आकाश

वाचनालयाच्या तिसऱ्या मजल्यावर, जिना संपतो आणि गच्चीचं दार लागतं तिथे, एक गोल खोली आहे. बाहेरून ती पाण्याच्या टाकीसारखी दिसते आणि नवीन आलेली माणसं तिला टाकीच समजतात. आत मात्र घुमट आहे. घुमटाला आतून काळा रंग, त्या काळ्यात शेकडो बारीक भोकं आणि प्रत्येक भोकामागे एक इवलासा दिवा. खाली चटया अंथरलेल्या. चटईवर उताणं पडायचं आणि आकाश बघायचं.

या खोलीतल्या बाईंचं खरं नाव मुलांना कधी लागलंच नाही. प्रत्येक खेळाच्या आधी त्या दारापाशी उभ्या राहून म्हणायच्या, "चला, आता आपण अंधार करू." म्हणून मुलांनी त्यांना अंधारबाई करून टाकलं. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या बाईंना ते नाव मनापासून आवडलं. मग वाचनालयातली मोठी माणसंही तेच म्हणू लागली. तोंडावर तेवढं नुसतं 'बाई'.

अंधारबाईंचा हट्ट एकच होता. आकाशात तारे एकदम लागता कामा नयेत. खऱ्या संध्याकाळी ते कधी एकदम लागतात का? आधी एक दिसतो. आपण त्याच्याकडे बघत राहतो, आणि शेजारचं कुणीतरी म्हणतं, तो बघ दुसरा. इथेही तसंच व्हायला हवं. घुमटाच्या कडेला एक पिवळा दिवा होता, तो सूर्य. तो हळूहळू मंदावत जायचा, सोबत बासरीची ध्वनिफीत वाजायची, आणि बासरी चालू असतानाच डोक्यावर स्वाती उमलायची. आधी मंद, मग जरा ठळक, मग पुरती. तिच्यामागून अभिजित, मग श्रवण, मग लालसर ज्येष्ठा, मग चित्रा. जो जास्त तेजस्वी तो आधी. अगदी शेवटच्या, कुणाच्या लक्षातही न येणाऱ्या तारकेलाही तिचा स्वतःचा क्षण मिळायचा. ध्रुवाची पाळी बरीच मागे होती, आणि दर खेळाला कुणीतरी हळहळायचंच, "एवढासाच?" तेव्हा बाई म्हणायच्या, "तो मोठा आहे म्हणून प्रसिद्ध नाही रे, जागेवर बसून राहतो म्हणून प्रसिद्ध आहे. वर्गातही असतात असे."

हे सगळं चालवायचा कोपऱ्यातला एक जुना संगणक. त्याच्यावर युनिक्सच्या वळणाची यंत्रणा होती. चित्रं नाहीत, बटणं नाहीत, नुसता काळा पडदा आणि त्यावर पांढरी अक्षरं. एक ओळ लिहायची की काम होतं, त्या ओळीला म्हणायचं कमांड. बाईंच्या भाचीने कॉलेजात असताना, याच चटयांवर पालथं पडून, ते आकाश लिहून काढलं होतं. तिने 'लाव' नावाची एक छोटीशी कमांड केली होती. एक दिवा, किती उजेड, एवढं सांगितलं की 'लाव' उठायची, दिव्यांच्या पेटीला निरोप द्यायची आणि संपायची. पुढच्या दिव्यासाठी नवी 'लाव'. एका ताऱ्यासाठी तीनदा. बाईंना यातलं काही ठाऊक असायची गरज नव्हती. त्या फक्त 'संध्याकाळ' लिहायच्या, आणि खेळ संपला की 'सकाळ'.

असा तो संगणक एक दिवस चालूच झाला नाही. कुरकुर नाही, धूर नाही. म्हातारं माणूस झोपेत जातं, तसा गेला.

व्यवस्थापक किल्ल्यांचा जुडगा वाजवत, धापा टाकत वर आले. माणूस सज्जन होता, फक्त वाईट बातमी सांगताना त्यांना आधी खुर्ची लागायची.

"बाई, नवा संगणक मिळेल," ते बसत म्हणाले. "त्यात अडचण नाही. पण तो खालच्या सगळ्यांवर आहे त्याच यंत्रणेचा असेल. ज्यांच्याकडे देखभालीचं कंत्राट आहे, ते दुसऱ्या कशाला हात लावत नाहीत."

"चालेल की. तारे लागले म्हणजे झालं."

"हो. तेच." त्यांनी जुडग्यातली एक किल्ली उगाच फिरवली. "विश्वस्तांनी एक फिल्म बघितली आहे. घुमटासाठीच बनवलेली. एक बटण दाबायचं, सगळं आकाश, सगळी माहिती, आवाजसुद्धा आतच. कुणी बोलायला लागत नाही."

"कुणी बोलायला लागत नाही," बाईंनी सावकाश तेच वाक्य म्हटलं.

"मी तुमच्याच बाजूचा आहे, बाई."

"बाजूचे असतात ते हे वाक्य म्हणत नाहीत."

व्यवस्थापक हसले, कारण खरं होतं. मग त्यांनी उरलेलंही सांगून टाकलं. गुरुवारी दुपारी पाचवीचा एक वर्ग येणार आहे. त्या वेळी दोन विश्वस्त येऊन बसतील, एक निवृत्त डॉक्टरीणबाई आणि एक कापडवाले काका. नव्या संगणकावर बाईंचं आकाश पहिल्यासारखं लागलं तर खोली बाईंची. नाही लागलं तर फिल्मची, आणि बाईंनी पाहुण्या म्हणून कधीही यावं.

पाहुण्या म्हणून. बाई त्या रात्री नेहमीच्याच वेळी झोपल्या, पण झोपेआधी त्यांनी भाचीला फोन केला. "तुझं आकाश बंद पडलंय गं," एवढंच म्हणाल्या. भाचीने ऑफिसात रजा टाकली.

भाची बुधवारी सकाळी आली, पिशवी चटईवर टाकली आणि नव्या संगणकासमोर बसली. त्याच्यावर रंगीत चित्रं होती आणि कोपऱ्यात घड्याळ. बाईंना तो परक्या घरातल्या दिवाणखान्यासारखा वाटला. सगळं चकचकीत, पण पाणी कुठे ठेवलंय ते कळत नाही.

"इथे आपलं चालेल?" त्यांनी विचारलं.

"तसंच्या तसं नाही चालणार. पण एक सोय असते, मावशी. या घरात आपल्या वळणाची एक खोली उभी करता येते. आतून सगळं आपलं. तोच काळा पडदा, त्याच कमांड. 'लाव'ला वाटेल की आपण आपल्याच घरात आहोत."

"म्हणजे भाडेकरू."

"पोटभाडेकरू म्हण."

"की घरजावई?"

"घरजावयाला निदान जेवताना मान असतो," भाची म्हणाली आणि कामाला लागली.

एक अडचण लगेच आली. दिव्यांची पेटी सापडेना. जुन्या घरात पेटीची वायर ज्या नावाने ओळखली जायची, ते नाव इथे कुणाला माहीतच नव्हतं. इथे तिला दुसरंच नाव होतं, आणि भाचीला ते शोधायला दुपार झाली. पण सापडलं. बाईंनी हात पुसून 'संध्याकाळ' लिहायला घेतलं, तशी भाची म्हणाली, "थांब, आधी एकच तारा बघू." तिने स्वातीचा आकडा टाकला.

घुमटात डोक्यावर स्वाती उमलली. मंद, ठळक, पुरती.

बाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. काळा पडदा तोच, पांढरी अक्षरं तीच, वर स्वाती तीच. आता तपासायचं काय राहिलं? दोघी दिवे मालवून खाली चहाला गेल्या. एका ताऱ्याला क्षणभर उशीर झाला तर तो कुणाला कळतो?

तो कळला गुरुवारी सकाळी, पूर्ण तालमीच्या वेळी.

बाईंनी 'संध्याकाळ' लिहिलं आणि त्या चटईवर आडव्या झाल्या. बासरी सुरू झाली. पिवळा सूर्य मंदावू लागला, पण असा, की जणू त्याला जायचंच नाही. पाहुणा दाराशी येऊन चपला घालतो, आणि पुन्हा एक गोष्ट आठवून उंबऱ्यातच उभा राहतो, तसा. बासरी संपली तेव्हा सूर्य अर्धासुद्धा गेला नव्हता. मग शांततेत स्वाती आली. बऱ्याच वेळाने अभिजित. मग काहीच नाही. मग श्रवण. दोघी काळोखात पडून राहिल्या, आणि तारे रेशनच्या रांगेतल्या माणसांसारखे पुढे सरकत राहिले.

"हे असंच चाललं तर?" बाईंनी विचारलं.

"तर मुलं शाळेत परत जातील, बस निघेल, आणि इथे अजून ध्रुवाची पाळी आलेली नसेल."

भाची उठून बसली. पडद्यावर काहीतरी तपासत राहिली. तिच्या चेहऱ्यावरून बाईंना कळलं, की तिला कारण सापडलंय आणि ते तिला आवडलेलं नाही.

"मला पाचवीतल्या मुलीला सांगतेस तसं सांग," बाई म्हणाल्या.

भाचीने जरा विचार केला. "आपलं जुनं घर होतं ना, तिथे नवं काम निघालं की घरातलाच एक माणूस स्वतःचे दोन करायचा. एक जागेवर बसायचा, दुसरा काम करून यायचा. चुटकीसरशी. त्यामुळे मी प्रत्येक ताऱ्यासाठी तीन-तीन माणसं पाठवली, आणि सूर्य मंद करायला तर शंभरेक. कुणाला जडच गेलं नाही. मलाही वाटलं, माणूस पाठवायला काही पडत नाही."

"आणि इथे?"

"इथे घरमालकाला ही दोन होण्याची रीतच माहीत नाही. आपली खोली तसं नाटक करते, पण खरं काय होतं, तर दर वेळी गेटवर एक कोरा माणूस मागवायचा आणि पहिल्याचे सगळे कपडे, सगळं सामान, सगळ्या आठवणी त्याच्या अंगावर चढवायच्या. त्यात गेटवर अँटीव्हायरसचा पहारेकरी बसलेला. तो प्रत्येकाचे खिसे तपासतो. एवढं करून तो माणूस आत येतो, एक दिवा लावतो आणि मरतो. पुढच्या दिव्यासाठी पुन्हा सगळं पहिल्यापासून."

"बिचारा," बाई म्हणाल्या. "पहारेकऱ्याला सांगून बघ."

भाचीने कंत्राटदाराच्या माणसाला फोन केला. तो नम्रपणे बोलला. नियम सगळ्या संगणकांना सारखा, एका खोलीसाठी पहारा उठवता येत नाही. बाईंना त्याचा राग आला नाही. शाळेत त्यांनी स्वतः हेच वाक्य किती आईबापांना ऐकवलं होतं.

"दुसरी पद्धत आहे," भाची म्हणाली. "पण ती नीट लिहायला मला आजची रात्र लागेल. दुपारपर्यंत एकच होऊ शकतं. पेटीला एक कमांड आहे, तपासणीची. सगळे तारे ठरलेल्या उजेडाने एकदम लावते."

ही कमांड बाईंना चांगली माहीत होती. कुठला दिवा गेलाय ते बघायला इलेक्ट्रिशियन ती वापरायचा. ती लागली की बाई मुद्दाम खाली बघायच्या.

"ते आकाश नाही, ते दिव्यांचं दुकान आहे," त्या म्हणाल्या. "मग फिल्मनेच काय घोडं मारलंय?"

भाचीचंही बरोबर होतं. बाईंनी भिंतीला पाठ टेकली. दुपारी खोली राहणार की जाणार, ते या एका गोष्टीवर येऊन ठेपलं होतं, आणि गोष्ट अशी, की आतापर्यंत कधी कुणाला गाळावं लागलं नव्हतं. शेवटच्या तारकेलासुद्धा नाही.

"बासरी संपायच्या आत किती जणांना एकेकटं आत आणता येईल?" त्यांनी शेवटी विचारलं.

"सूर्याचं काम काढून घेतलं तर वीसेक. सूर्याला भिंतीवर हाताने फिरवायचं बटण आहे. ते मी फिरवते."

"मग वीस दे मला."

ताऱ्यांचा नकाशा मांडीवर घेऊन त्या बसल्या. पहिले पाच सोपे होते. मग ध्रुव, त्याला कसं टाळणार. मग सप्तर्षी, त्यातला एक घेतला की साती घ्यावे लागतात. उरलेल्यांत त्या बराच वेळ अडकल्या. पेन्सिल एका बारक्या तारकेवर जायची आणि परत यायची. कितीतरी वर्षं त्या मुलांच्या शेजारी या चटयांवर पडल्या होत्या. मुलं नेमकं काय बघतात, ते आता त्यांनी आठवून बघितलं. पहिल्या ताऱ्याला सगळी गप्प होतात. दुसऱ्याला बोट दाखवतात. चारपाच झाले की मोजायला लागतात, आणि मग मोजणं सोडून देतात. त्यानंतर कोण कधी आलं, ते एकालाही सांगता येणार नाही. बाईंनाही सांगता आलं नसतं. कुठल्याही माणसाने आकाश भरताना बघितलेलं नाही. एकीकडे बघत असताना ते पाठीमागे भरतं.

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "उरलेले एकदम लाव. पण मी सांगेन तेव्हा."

दुपारी पाचवीचा वर्ग जिन्यावरून आला तो आधी आवाजाने आला. बुटांचा ढीग दाराबाहेर पडला. डॉक्टरीणबाई सरळ चटईवर बसल्या. कापडवाले काका खुर्चीवर बसले आणि बसताना त्यांनी हाताने सवयीनेच संगणकाच्या कोपऱ्यापुढे सोडलेल्या पडद्याचं कापड चाचपलं. व्यवस्थापक दारात उभे राहिले.

"चला," बाई म्हणाल्या, "आता आपण अंधार करू."

भाचीने भिंतीवरचं बटण हलक्या हाताने फिरवलं. सूर्य नीट मावळला. स्वाती आली आणि वर्ग गप्प झाला. अभिजित आला, बोटं वर गेली. श्रवणही आला. बाईंनी बॅटरीचा बारीक झोत खाली, क्षितिजाजवळ नेला. "आता इथे एक तारा येईल. ज्येष्ठा. लालसर आहे, नीट बघा."

तिथे काहीच आलं नाही.

बाई थांबल्या. भाचीने पडद्याकडे बघितलं. कमांड गेली होती, पण पहारेकऱ्याने आज नेमकी याच्याच खिशांत जास्त वेळ काढायचं ठरवलं होतं. काळोखात कापडवाल्या काकांची खुर्ची कुरकुरली.

"आला," एक मुलगा म्हणाला.

"कुठे आला? तो तुझ्या डोळ्यात आला."

"बाई, हा खोटं बोलतोय."

"बाई, तो येणारच नाही का?"

"येईल," बाई म्हणाल्या. आवाज नेहमीचाच होता. "सगळ्यांनी तिथेच बघा. कुणीतरी पहिलं असणार आहे."

चाळीस डोकी एका काळ्या जागेकडे बघू लागली. बासरी चालू होती. कुणी खोकलंसुद्धा नाही. आणि मग तिथे, असेल-नसेल असा, लाल ठिपका आला.

"आला!" या वेळी बरेच जण एकदम म्हणाले आणि मग पहिला कोण यावर कुजबुजीत भांडण लागलं.

"बाई, त्याला उशीर का झाला?" पुढच्या रांगेतल्या, जाड चष्मा लावलेल्या एका मुलीने विचारलं. "लांबून आला म्हणून?"

'हो' म्हणणं फार सोपं होतं. तारे लांबच असतात. बाई म्हणाल्या, "तो फार लांब आहे हे खरं. पण आज उशीर झाला, त्याचं कारण वेगळं आहे. शेवटी सांगते."

पुढचे तारे धडपणे आले. बासरी संपत आली तशी बाई म्हणाल्या, "आता डोळे मिटा. डोळ्यांना अंधाराची सवय झाली की जास्त दिसतं. मी म्हणेन तेव्हा उघडा." भाचीने तपासणीची कमांड दिली. "उघडा."

वर्गातून असा एक लांब श्वास आला, जो बाईंनी याआधी शेकडो वेळा ऐकला होता. त्यांच्या मनात आलं, झालं, सुटलो. पुढे त्या राशी सांगत गेल्या, नेहमीचे विनोद झाले, ध्रुवाला बघून कुणीतरी "एवढासाच" म्हणालं. शेवटी 'सकाळ' झाली, मुलं डोळे चोळत उठून बसली, आणि चष्मेवालीने हात वर केला.

"बाई, मी डोळे मिटले नव्हते."

"बरं."

"सगळे तारे एकदम लागले. बटण दाबल्यासारखे. पहिले तसे आले नव्हते. पहिले एकेक आले."

कापडवाले काका पुढे झुकले. व्यवस्थापकांनी हातातला जुडगा घट्ट धरला. भाची त्या कापडी पडद्याआड जमेल तेवढी लहान झाली.

बाई त्या मुलीकडे बघत राहिल्या. अशी मुलगी वर्गात असली की शिकवायला मजा येते, हा विचार त्यांना खोलीच्या विचाराच्या आधी आला.

"अगदी बरोबर बघितलंस," त्या म्हणाल्या. "आणि ज्येष्ठाला उशीर झाला, त्याचं कारणही तेच आहे. सांगून नाही कळणार, करून बघू. पाच जण उभे राहा. तुम्ही तारे. मी नाव घेतलं की हात वर करायचा, पुन्हा घेतलं की आणखी वर, तिसऱ्यांदा पूर्ण वर."

पाच मुलांनी भराभर हात वर केले. एका दमात झालं.

"हे आपलं जुनं घर होतं. आमचा जुना संगणक. आता आम्ही दुसऱ्याच्या घरात राहायला गेलो. खोली हुबेहूब आपल्यासारखी मांडली आहे, पण गेट त्यांचं आहे." त्या दाराकडे वळल्या. "गेटवर हे काका आहेत. आता मी नाव घेतलं की दाराबाहेर जायचं, काकांना नाव सांगायचं, खिसे दाखवायचे, आत यायचं, हात थोडा वर करायचा आणि परत बाहेर. बाहेर गेला तो मेला, दुसऱ्यांदा नाव घेतलं की नवीन माणूस म्हणून पुन्हा तेच."

व्यवस्थापकांनी एकदा विश्वस्तांकडे बघितलं. मग त्यांनी सदऱ्याची कॉलर ताठ केली आणि दार अडवून उभे राहिले.

"नाव?"

"स्वाती," एक जाडसा मुलगा म्हणाला आणि वर्ग खिदळला.

"काम?"

"हात वर करायचा आहे."

"खिशात काय?"

"खोडरबर."

व्यवस्थापकांनी खोडरबर उजेडात धरून दोन्ही बाजूंनी बघितलं. "जा."

मुलगा आत आला, हात जरासा वर करून बाहेर गेला आणि पुन्हा दारात उभा राहिला.

"नाव?"

"काका, मी आत्ताच आलो होतो."

"माझ्या लक्षात नाही. नाव?"

हसून हसून मुलं चटईवर आडवी झाली. तिसऱ्या फेरीला दारात गर्दी झाली, ज्येष्ठा झालेली मुलगी मागे अडकली आणि "मला बासरी संपायच्या आत सोडा" म्हणून ओरडू लागली. डॉक्टरीणबाईंनी डोळे टिपले. कापडवाल्या काकांनी मात्र घड्याळात बघितलं.

"कळलं उशीर का झाला?" बाईंनी विचारलं. "एवढ्यातून सगळे तारे आणायचे, तर तुमची बस निघून गेली असती. म्हणून थोडे एकेक आणले, आणि बाकीचे तुमचे डोळे मिटवून एकदम. मला तसं आवडत नाही. पण आज एवढंच जमत होतं."

चष्मेवाली चेहरा आक्रसून विचार करत होती. "काका दर वेळी नवीन माणसाला अडवतात ना? मग मला एकदाच आत सोडा. मी बाहेर जाणारच नाही. सगळ्यांची नावं मला खिडकीतून सांगा, मी एकेकाचा दिवा लावत बसते."

पडद्याआडून भाची बाहेर आली. "हीच ती दुसरी पद्धत," ती बाईंना म्हणाली. "एकच 'लाव' आत जाऊन बसेल. गेटवर एकदाच झडती." मग मुलीला म्हणाली, "मी आज रात्री हेच लिहिणार आहे. तू तोपर्यंत पाचवी पास हो."

मुलं गेली. बुटांचा ढीग संपला, एकच मोजा मागे राहिला. विश्वस्तही मुलांच्या मागोमाग उतरले. बाई चटया गुंडाळू लागल्या. सगळं खरंखरं सांगून टाकलं होतं, आता व्हायचं ते होईल, असं त्यांना वाटत होतं. तरी चटई एका बाजूने वाकडी गुंडाळली जात होती, ती त्यांनी उलगडून पुन्हा गुंडाळली.

बऱ्याच वेळाने व्यवस्थापक धापा टाकत वर आले आणि दाराबाहेरच थांबले.

"नाव?" भाचीने विचारलं.

"व्यवस्थापक. खिशात किल्ल्या." ते आत येऊन खुर्चीवर बसले. बाईंनी चटई खाली ठेवली. व्यवस्थापकांना खुर्ची लागली म्हणजे बातमी कुठली, हे त्यांना ठाऊक होतं. पण ते म्हणाले, "गुडघे दुखतात हो, तुमच्या तीन फेऱ्या होईपर्यंत दारात ताटकळत उभा होतो मी. ऐका. फिल्म घ्यायचं ठरलं आहे. शनिवारी, मोठ्या माणसांसाठी. बाकीचे दिवस खोली तुमच्याकडे."

"कापडवाले काका तयार झाले?"

"ते म्हणाले, तारे एकेक येतात की एकदम, ते मला कळत नाही. पण पोरं जिन्यावर एकमेकांचे खिसे तपासत उतरत होती, आणि एक जण दुसऱ्याला समजावत होता की तू आत्ताच मेलास, आता नवीन आहेस. काकांनी त्याला थांबवून विचारलं, कोण मेलं? तर त्याने पहिल्यापासून सगळं सांगितलं. त्यांना ते त्याच्याकडून कळलं."

बाई हसल्या.

"शनिवारी मी येऊन बघितलं तर चालेल? पाहुणी म्हणून?"

"तिकीट काढावं लागेल," व्यवस्थापक म्हणाले आणि उठले.

भाची संगणकासमोर बसली. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी एकेक उमटू लागल्या. "आता सगळे येतील, मावशी. शेवटच्या तारकेपर्यंत, एकेक. पण पहिल्यासारखं अगदी तंतोतंत होणार नाही. कधी पहारेकरी मध्येच जांभई देईल, कधी मालक घरात काहीतरी हलवेल. घर त्यांचं आहे."

"असू दे. राहायला मिळालं, पुष्कळ झालं." बाईंनी मागे राहिलेला मोजा खिडकीत ठेवला. मग काहीतरी आठवून त्या वळल्या. "एक करशील? सगळ्यांना त्या आत बसलेल्याच्या हाती दे. पण ज्येष्ठाला नको."

"का?"

"तो गेटवरूनच येऊ दे. एकटा, झडती देत. त्याची वाट बघताना काय शांत पडली होती गं पोरं."